सी मानक लायब्ररीतील रीएंट्रंट यादृच्छिक संख्या: अवस्था कुठे ठेवावी आणि कशी पुढे सरकवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीतील तुमचा गट स्वतःच्या कंट्रोलर बोर्डासाठी एक छोटी सी लायब्ररी लिहीत आहे आणि चाचणीच्या सोयीसाठी तीच लायब्ररी लिनक्सवरही चालवली जाते. यादृच्छिक संख्या देणारी 'रँड' आणि 'रँड_आर' ही फंक्शने लिहिताना गटात दोन मते पडली. 'रँड'मधील अवस्थेभोवती (पुढची संख्या जिच्यातून निघते त्या साठवलेल्या किमतीभोवती) म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक, घालावा असे काहींचे म्हणणे आहे, तर ती अवस्था थ्रेड-लोकल करावी, म्हणजे प्रत्येक थ्रेडला (प्रोग्राममधील समांतर प्रवाहाला) वेगळी द्यावी, असे इतरांचे. यांपैकी कोणती रचना खऱ्या अर्थाने रीएंट्रंट ठरते, म्हणजे एक हाक अर्धवट असताना तेच फंक्शन पुन्हा बोलावले तरी बिघडत नाही, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोन्ही रचना अपुऱ्या आहेत. त्यांच्यापेक्षा सोपा मार्ग असा की जनरेटरच असा निवडावा, ज्याची अवस्था पुढे नेण्यासाठी एकच अविभाज्य (मध्येच तोडता न येणारी) बेरीज पुरते. हे मत मी का धरतो, ते सविस्तर मांडतो.

प्रथम मानक काय मागते ते स्पष्ट असावे, कारण गटातील बराचसा वाद त्याच्या अपुऱ्या वाचनातून होतो. 'रँड'ने ० ते 'रँड_मॅक्स' या मर्यादेतील पूर्णांक द्यावा आणि 'रँड_मॅक्स' किमान ३२७६७ असावे. सीड, म्हणजे मालिका जिथून सुरू होते ती संख्या, 'एसरँड'ने ठरवतात; एकाच सीडने ते पुन्हा बोलावल्यास तीच मालिका पुन्हा मिळावी. 'एसरँड' मुळीच न बोलावल्यास ते १ या सीडने बोलावल्यासारखी मालिका यावी. २०११ च्या मानकाने असेही स्पष्ट केले की 'रँड'ने इतर थ्रेडमधील हाकांशी होणारी डेटा रेस (एकच किंमत एकाच वेळी बदलण्याची टक्कर) टाळलीच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणजे थ्रेड-सुरक्षा ही तुम्ही स्वखुशीने देत असलेली हमी आहे. याखेरीज सहज नजरेतून सुटणारी एक अट आहे: लायब्ररीतील दुसरे कोणतेही फंक्शन 'रँड' बोलावत नाही, असेच वापरणाऱ्याला भासले पाहिजे. त्यामुळे तुमच्या 'क्यूसॉर्ट'मध्ये मधला घटक निवडण्यासाठी कोणी 'रँड' वापरले असेल, तर ते आजच काढून टाका. अन्यथा वापरणाऱ्याने एखादी यादी क्रमाने लावताच त्याची मालिका पुढे सरकलेली असेल.

आता म्युटेक्स. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरील प्रचलित सी लायब्ररीत) 'रँड' हे 'रँडम'लाच बोलावते आणि 'रँडम' आपली अवस्था लॉकखाली बदलते. ३१ शब्दांचा एक तक्ता, त्यावर फिरणारे दोन पॉइंटर आणि 'तीन मागचा अधिक एकतीस मागचा' अशी बेरीज, असा तो जनरेटर आहे. एका हाकेत अनेक गोष्टी बदलत असल्यामुळे तिथे लॉकला पर्याय उरत नाही. ही रचना थ्रेड-सुरक्षित आहे, परंतु रीएंट्रंट नाही. मुख्य प्रवाहाने लॉक घेतला, त्याच क्षणी त्याच थ्रेडवर सिग्नल (चालू काम मध्येच थांबवणारी सूचना) आला आणि त्याला उत्तर देणाऱ्या फंक्शनने, म्हणजे हँडलरने, 'रँड' बोलावले, तर हँडलर लॉकची वाट पाहत थांबतो. ज्याने लॉक सोडायचा तो प्रवाह मात्र हँडलर संपल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकातील सिग्नल-सुरक्षित फंक्शनांच्या यादीत 'रँड' नाही, त्यामुळे लिनक्सवर ही जबाबदारी वापरणाऱ्याची आहे असे म्हणता येते. तुमच्या बोर्डावर मात्र ही पळवाट चालणार नाही. तिथे इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारा व्यत्यय) हाताळणारा हँडलर हा रोजच्या कामाचा भाग आहे आणि फ्रीआरटॉससारख्या छोट्या बोर्डांच्या कार्यप्रणालीत इंटरप्टमधून म्युटेक्स घेण्याची मुभाच नाही.

थ्रेड-लोकल अवस्थेने अडकून पडण्याचा धोका जातो, पण दुसरे दोन दोष येतात आणि त्यांतील दुसरा मला अधिक गंभीर वाटतो. पहिला असा की सिग्नल त्याच थ्रेडवर येतो, म्हणून हँडलरला तीच अवस्था दिसते. मुख्य प्रवाहाने जुनी अवस्था वाचली, नवी लिहिण्यापूर्वी हँडलर आला, त्याने तीच जुनी अवस्था वाचून एक संख्या घेतली आणि नवी अवस्था लिहिली. परतल्यावर मुख्य प्रवाह पुन्हा तीच नवी अवस्था लिहितो आणि तीच संख्या घेतो. एक संख्या दोघांना मिळाली आणि कुणाला कळलेही नाही.

दुसरा दोष सीडचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत 'रँड'ची अवस्था प्रत्येक थ्रेडची वेगळी असते आणि 'एसरँड' केवळ चालू थ्रेडपुरते लागू होते. न्यूलिबमध्ये (छोट्या बोर्डांसाठीच्या सी लायब्ररीत) ही अवस्था प्रत्येक टास्कच्या, म्हणजे बोर्डावरील थ्रेडच्या, रीएंट्रन्सी स्ट्रक्चरमध्ये राहते आणि ते स्ट्रक्चर तयार होताना तिथे १ हे मूल्य घातले जाते. परिणामी मुख्य टास्कने कितीही काळजीपूर्वक सीड दिला, तरी नंतर निर्माण झालेली प्रत्येक टास्क १ पासूनच सुरू होते आणि सर्व टास्क अगदी एकसारखी मालिका देतात. संदेश आदळल्यावर पुन्हा पाठवण्यापूर्वी 'रँड' घेऊन थोडे थांबायचे, अशी पद्धत भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बनणाऱ्या कितीतरी उपकरणांत असते. तिथे दोन टास्क सारखाच वेळ थांबून पुन्हा एकमेकींवर आदळतात, आणि असा दोष शोधणारा अभियंता वायरिंग तपासत बसतो, कारण 'रँड'वर संशय घेण्याचे त्याला काही कारण दिसत नाही. प्रत्येक थ्रेडला लायब्ररीने आपणहून वेगळा सीड दिला, तर मुख्य थ्रेडने 'एसरँड' बोलावल्यावर पुढील सर्व हाका त्या मालिकेतून याव्यात ही अपेक्षा मोडते.

म्हणून मी पुढील रचना सुचवतो. स्टील, ली आणि फ्लड यांनी २०१४ मध्ये मांडलेला स्प्लिटमिक्स हा जनरेटर घ्या. त्याची अवस्था म्हणजे ६४ बिटांचा एकच काउंटर. प्रत्येक हाकेला त्यात ११४००७१४८१९३२३१९८४८५ ही ठरावीक विषम संख्या मिळवली जाते. ती दोनच्या ६४ व्या घाताला सुवर्ण गुणोत्तराने भागून आलेली आहे. आलेला काउंटर मग मिश्रणातून जातो: ३० बिट उजवीकडे सरकवून मूळ किमतीशी एक्सऑर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०), एका विषम स्थिरांकाने गुणाकार, २७ बिट सरकवून एक्सऑर, दुसऱ्या विषम स्थिरांकाने गुणाकार आणि शेवटी ३१ बिट सरकवून एक्सऑर. या मिश्रणाला स्वतःची कोणतीही स्मृती नाही. ते पूर्णपणे स्थानिक चलांवर चालते, त्यामुळे ते कितीही ठिकाणी, कितीही वेळा, एकमेकांच्या आत चालू असले तरी बिघडण्यासारखे काही उरत नाही. सामायिक असलेली एकमेव क्रिया म्हणजे काउंटरमधील बेरीज, आणि ती आजच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर अविभाज्यपणे करता येते.

मुसल या छोट्या सी लायब्ररीतील 'रँड'सारखा एका शब्दाचा रेषीय जनरेटर (दर वेळी गुणून ठरावीक संख्या मिळवणारा) घेऊन तुलना-करून-बदला या क्रियेने तो पुढे नेणे, हाही एक पर्याय आहे. मुसल स्वतः तसे करत नाही. तिथे 'रँड'ला लॉकही नाही आणि अविभाज्य क्रियाही नाही. त्या पद्धतीत गुणाकार करून परत येईपर्यंत दुसऱ्याने अवस्था बदलली असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बेरजेच्या पद्धतीत फेरप्रयत्नाचा लूप आपल्याला लिहावा लागत नाही, आणि प्रत्येक हाकेला काउंटरची वेगळी किंमत मिळते हे बेरजेच्या व्याख्येतच आहे. सिग्नल हँडलर मध्ये आला तरी तो बेरजेच्या आधी येतो किंवा नंतर. मधली अवस्था अस्तित्वातच नाही.

लिहिताना दोन बारकावे सांभाळा. अविभाज्य बेरीज काउंटरची जुनी किंमत परत देते. ती तशीच मिश्रणात घातली, तर काउंटर शून्य असताना उत्तरही शून्य येते, कारण हे मिश्रण शून्याला शून्यावरच नेते. म्हणून परत आलेल्या किमतीत तोच स्थिरांक पुन्हा मिळवून मगच मिश्रण करा. दुसरे म्हणजे 'एसरँड'ने काउंटरमध्ये सीड उणे एक ही किंमत ठेवावी. ही युक्ती मुसलमध्ये आहे आणि मला ती फार आवडते: सुरुवातीचा काउंटर शून्य असला की ते आपोआप १ या सीडशी जुळते, त्यामुळे चलाला प्रारंभिक किंमत द्यावी लागत नाही, ते शून्याने भरल्या जाणाऱ्या विभागात जाते आणि 'आधी सीड दिला होता का' ही तपासणी प्रत्येक हाकेला करावी लागत नाही. ६४ पैकी वरचे ३१ बिट उत्तर म्हणून द्या आणि 'रँड_मॅक्स' २१४७४८३६४७ ठेवा. हे सर्व बरोबर लिहिले असेल, तर सीड न देता पहिल्याच हाकेला १८९६८९५५१६ ही संख्या यायला हवी.

सीड उणे एक इतक्या साध्या रीतीने ठेवल्यावर शेजारच्या सीडच्या मालिका एकमेकींवर चढणार नाहीत ना, अशी शंका रास्त आहे. त्याचे उत्तर सुवर्ण गुणोत्तरात आहे. अपूर्णांकाने जवळून गाठण्यास ही संख्या सर्वांत अवघड आहे, म्हणून त्या स्थिरांकाच्या पटी काउंटरच्या किमतींच्या वर्तुळावर (शेवटच्या किमतीनंतर पुन्हा शून्य येते) एकमेकींपासून शक्य तितक्या दूर पडतात. ३२ बिटांच्या कोणत्याही दोन सीडमधील अंतर सुमारे ४२९ कोटींपेक्षा कमी असते, आणि गणित केल्यास दिसते की १०० कोटी पावलांच्या आत त्या स्थिरांकाची कोणतीही पट शून्याच्या इतक्या जवळ येतच नाही. म्हणजे दोन वेगवेगळ्या सीडच्या पहिल्या १०० कोटी संख्या काउंटरच्या एकाही सामायिक किमतीतून येत नाहीत. 'रँड'कडून याहून अधिक मागण्याचे कारण नाही.

या रचनेची एक किंमत आहे. अनेक थ्रेड एकाच काउंटरवर सतत बेरीज करू लागले, तर काउंटर असलेली कॅश लाइन (प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीचा तुकडा) एका कोअरकडून दुसऱ्याकडे धावत राहते आणि वेग पडतो. तसेच कोणत्या थ्रेडला कोणती संख्या मिळेल हे दर वेळी बदलते. एकंदर मालिका तीच, वाटप निराळे. ज्याला प्रत्येक थ्रेडची मालिका जशीच्या तशी पुन्हा हवी आहे, त्याने 'रँड' वापरूच नये आणि आपली अवस्था आपल्या हाती ठेवावी.

तुमचा बोर्ड कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४ या छोट्या ३२ बिटी प्रोसेसरवर असल्यास वेगळा विचार लागतो. तिथे एकाधिकार वाचन आणि लेखनाच्या सूचना ३२ बिटांपर्यंतच आहेत. ६४ बिटांची अविभाज्य बेरीज लिहिली की कंपायलर एखाद्या साहाय्यक फंक्शनला हाक घालतो, आणि ते आत काय करते हे तुम्ही पाहिलेले नसते. सोपा मार्ग म्हणजे इंटरप्ट रोखून दोन शब्दांची बेरीज करणे आणि पूर्वस्थिती परत आणणे. इथे 'पूर्वस्थिती परत आणणे' हे शब्दशः घ्या. आधीचा मास्क (इंटरप्ट रोखलेले आहेत की नाही ही नोंद) वाचून ठेवा आणि तोच परत लिहा. सरळ इंटरप्ट सुरू करून मोकळे झालात, तर आधीच इंटरप्ट रोखून तुम्हाला बोलावणाऱ्याचा विश्वासघात होतो. शिवाय टास्क विशेषाधिकाराविना चालत असेल, तर इंटरप्ट रोखण्याची सूचना कोणताही दोष न दाखवता निष्फळ ठरते. प्रोग्राम चालतो, चाचण्या उत्तीर्ण होतात आणि संरक्षण मात्र शून्य असते. मेमरी प्रोटेक्शन युनिट वापरणाऱ्या प्रणालीत हे हमखास घडते, म्हणून तिथे मी ३२ बिटांचा काउंटर घेईन. एकाधिकार वाचन, बेरीज, एकाधिकार लेखन, आणि लेखन फसल्यास पुन्हा प्रयत्न. मध्ये इंटरप्ट आला तर कॉर्टेक्स-एम तो एकाधिकार स्वतःच रद्द करतो, त्यामुळे चुकीची किंमत लिहिली जाण्याची भीती नाही. मिश्रणासाठी मर्मरहॅश३ या हॅश फंक्शनचा १६, १३, १६ बिटांचा शेवटचा टप्पा पुरेसा आहे. मालिकेची लांबी दोनचा ३२ वा घात इतकीच राहील आणि सर्व सीड एकाच वर्तुळावर वेगवेगळ्या जागी सुरू होतील, ही मर्यादा दस्तऐवजात स्पष्ट लिहा. कॉर्टेक्स-एम० वर या सूचनाही नाहीत. तिथे इंटरप्ट रोखण्यावाचून गत्यंतर नाही.

आता 'रँड_आर'. रीएंट्रंटपणाच्या दृष्टीने हे फंक्शन निर्दोष आहे, कारण लायब्ररी स्वतःकडे काहीच लपवून ठेवत नाही. अवस्था वापरणाऱ्याने दिलेल्या पॉइंटरपाशी असते. त्याचे दुखणे असे की तो पॉइंटर एका अनसाइन्ड पूर्णांकाचा आहे. अवस्था ३२ बिटांची राहील हे फंक्शनच्या स्वाक्षरीनेच ठरवून टाकले आहे आणि तुम्ही आत कितीही कौशल्य दाखवले तरी ते बदलत नाही. पॉझिक्सने २००८ मध्ये ते कालबाह्य ठरवले, आणि ते योग्यच झाले. तरीही जुना कोड ते मागतो, म्हणून ते द्यावे लागते.

तीन लायब्रऱ्यांनी ते तीन रीतींनी लिहिले आहे. जीलिबसी ११०३५१५२४५ ने गुणून १२३४५ मिळवणारे पाऊल एका हाकेत तीनदा टाकते आणि अनुक्रमे ११, १० व १० बिट जोडून ३१ बिटांचे उत्तर बनवते. मुसल तेच पाऊल एकदाच टाकते, पण आलेल्या संख्येवर मर्सेन ट्विस्टर या जनरेटरमधील टेम्परिंग (बिट मिसळण्याची क्रिया) चालवते. न्यूलिब पार्क आणि मिलर यांचा १६८०७ गुणकाचा जनरेटर वापरते. त्यात शून्य अवस्था कायम शून्यच राहत असल्याने त्या एका सीडसाठी वेगळी किंमत घालावी लागते. मी मुसलची रीत घेईन. पहिल्या पावलात गुणक आणि बेरजेची संख्या हल आणि डोबेल यांच्या १९६२ च्या प्रमेयातील अटी पूर्ण करतात, म्हणून अवस्था सर्व दोनच्या ३२ व्या घाताइतक्या किमतींतून फिरते. पण दोनच्या घाताने भागाकार असल्याने सर्वांत खालचा बिट एकाआड एक ०, १ असा बदलतो, त्याच्या वरचा दर चार पावलांनी फिरून येतो, आणि असेच पुढे. टेम्परिंगमुळे वरचे चांगले बिट खाली मिसळतात आणि 'रँड_आर'चे उत्तर दोनने भागून बाकी घेणाऱ्याला निदान सम-विषमाची आळीपाळी दिसत नाही. कोड लिहिताना अवस्था एकदाच स्थानिक चलात वाचा, सर्व काम तिथे करा आणि शेवटी एकदाच परत लिहा. दोन थ्रेडनी एकच सीड चल वापरले तर तो दोष त्यांचा. त्यासाठी आत लॉक घालू नका.

वापरणाऱ्यांसाठी मात्र दस्तऐवजात दोन इशारे अवश्य द्या. थ्रेडना १, २, ३ असे सीड देणे वाईट आहे: या रेषीय जनरेटरमध्ये शेजारच्या दोन अवस्थांमधील फरक प्रत्येक पावलाला त्याच गुणकाने वाढत जातो, म्हणून पहिल्या व दुसऱ्या थ्रेडमधील फरकाची मालिका आणि दुसऱ्या व तिसऱ्या थ्रेडमधील फरकाची मालिका हुबेहूब सारखी निघते. सीड यादृच्छिक दिले तरी वर्तुळ लहान आहे. आठ थ्रेडनी प्रत्येकी १० लाख संख्या घेतल्या, तर त्यांपैकी कुठल्या तरी दोघांचे तुकडे एकमेकांवर येण्याची शक्यता सुमारे १.३ टक्के आहे. खेळासाठी हे चालेल, गणनेसाठी नाही. आयसर पुणे येथील परम ब्रह्म या महासंगणकावर माँटे कार्लो (यादृच्छिक संख्यांवर चालणारी गणना) चालवणाऱ्या संशोधकाने 'रँड_आर'ला हातही लावू नये.

म्हणून तुमच्या लायब्ररीत मानकाबाहेरचे, स्वतःच्या स्ट्रक्चरवर चालणारे एक तिसरे फंक्शन जरूर ठेवा. त्या स्ट्रक्चरमध्ये काउंटर आणि बेरजेची विषम संख्या, दोन्ही असू द्या. वेगवेगळी विषम संख्या दिली की वेगळा प्रवाह मिळतो, ही स्प्लिटमिक्सच्या मूळ मांडणीतीलच कल्पना आहे. अधिक लांबीची गरज असणाऱ्यांसाठी ब्लॅकमन आणि विन्या यांचा २५६ बिटांचा झोशिरो आहे, ज्यात एका उडीत दोनच्या १२८ व्या घाताइतकी पावले पुढे जाता येते. प्रत्येक थ्रेडने एक उडी अधिक घेतली की तुकडे एकमेकांवर येण्याचा प्रश्नच मिटतो. या फंक्शनची प्रारंभ-क्रिया लिहिताना जीलिबसीच्या 'इनिटस्टेट_आर'ची रचना डोळ्यांसमोर ठेवा आणि ती टाळा. ते फंक्शन दिलेल्या स्ट्रक्चरमधील जुना पॉइंटर आधी वाचते. स्ट्रक्चर शून्याने भरलेले नसेल, तर कचऱ्याला पत्ता समजून तिथे लिहायला जाते. प्रारंभ करणाऱ्या फंक्शनने आत काय आहे ते वाचूच नये.

'फोर्क'बद्दल, म्हणजे चालू प्रोग्रामची दुसरी प्रत (अपत्य) सुरू करणाऱ्या हाकेबद्दल, तुम्ही विचारले नाही, पण लिनक्सवरील चाचण्यांत ते भेटेल. 'फोर्क'नंतर पालक आणि अपत्य दोघांकडे तोच काउंटर असतो आणि दोघांच्या पुढील संख्या सारख्या येतात. 'रँड'साठी हे योग्यच आहे, कारण पुनरावृत्तीची हमी त्यात अभिप्रेत आहे. अपत्यात गुपचूप सीड बदलू नका. पासवर्ड, टोकन किंवा किल्ली यांसाठी मात्र यांतील काहीही वापरता येणार नाही. स्प्लिटमिक्सचे मिश्रण उलट फिरवता येते, त्यामुळे ६४ बिटांचे एक पूर्ण उत्तर हाती आले की पुढील सर्व संख्या कळतात. त्या कामासाठी लिनक्सवर 'गेटरँडम' आणि बोर्डावर हार्डवेअरमधील यादृच्छिक स्रोत वापरावा.

मिश्रण उलट फिरवता येण्याचा हाच गुण चाचणीत मोठा उपयोगी पडतो. काउंटरच्या दोन भिन्न किमतींची ६४ बिटांची उत्तरे कधीच सारखी नसतात. म्हणून 'रँड'च्या आतील ६४ बिटांचे उत्तर देणारे एक अंतर्गत फंक्शन चाचणीपुरते उघडे करा, अनेक थ्रेडमधून ते बोलवा, त्याच वेळी वेगवान टायमर सिग्नलच्या हँडलरमधूनही बोलवा, सर्व उत्तरे एकत्र करून क्रमाने लावा आणि शेजारी दोन सारखी दिसतात का ते पाहा. एक जरी जोडी सापडली तर बेरीज अविभाज्य नाही, हे सिद्ध होते. बोर्डावर हेच टायमर इंटरप्टने करा, आणि टास्क विशेषाधिकारासह व त्याविना, दोन्ही प्रकारे चालवून पाहा. ३१ बिटांची अंतिम उत्तरे घेऊन ही चाचणी करू नका. तिथे पन्नास-साठ हजार संख्यांतच नैसर्गिक पुनरावृत्ती दिसू लागते आणि निर्दोष कोडवर विनाकारण ठपका येतो.